सव्वा महिन्याची शुश्रूषा : नाशिकमधील घरगुती बाळंतपणाचा इतिहास

प्रसूतीनंतरच्या पहिल्या सव्वा महिन्यात बाळ आणि बाळंतीण यांच्या अंगाला तेल लावणे, त्यांना ऊन पाण्याने न्हाऊ घालणे, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी देणे, बाळंतिणीचे पोट बांधणे आणि तिला पथ्याचे ऊन अन्न खाऊ घालणे ही जी शुश्रूषा घरच्या घरी होत आली, तिला आज नाशिकमध्ये ‘आयुर्वेदिक सूतिकापरिचर्या’ हे भारदस्त नाव मिळाले आहे. सूतिका म्हणजे नुकतीच प्रसूत झालेली स्त्री आणि परिचर्या म्हणजे तिची सेवा. हे नाव चुकीचे नाही, कारण या उपचारांचा मोठा भाग आयुर्वेदाच्या संहितांमध्ये सापडतो. परंतु त्या नावामुळे असा समज होतो की हे ज्ञान ग्रंथांतून वैद्यांकडे आणि वैद्यांकडून घराघरांत उतरले. नाशिक आणि त्याच्या परिसरातील या रिवाजाचा इतिहास तपासला तर प्रवाह बराचसा उलट दिशेने वाहिलेला दिसतो. या ज्ञानाच्या खऱ्या धारक सुइणी, आज्या, सासवा आणि अंग रगडणाऱ्या बायका होत्या. ग्रंथांनी त्यांच्या अनुभवाची नोंद घेतली, आणि पुढे विसाव्या शतकात ग्रंथांना जी मान्यता मिळाली तिच्यात मात्र या स्त्रियांना वाटा मिळाला नाही.

संहिताकारांनी स्वतः ही गोष्ट लपवलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात नवव्या महिन्यात गर्भिणीने प्रवेश करावयाच्या सूतिकागाराचे, म्हणजे बाळंतपणासाठी मुद्दाम सिद्ध केलेल्या खोलीचे, वर्णन येते आणि तेथे तिच्याजवळ कोणी असावे हे सांगताना ग्रंथकार वैद्यापेक्षा अनेकदा प्रसूत झालेल्या, मायाळू, कष्ट सोसणाऱ्या आणि प्रसंगावधान असलेल्या स्त्रियांची गुणवर्णने अधिक विस्ताराने करतो. सुश्रुताने तर संख्याही दिली आहे : वयाने पोक्त, प्रसूती करण्यात कुशल आणि नखे कापलेल्या चार स्त्रिया. नखे कापलेली असावीत ही अट शस्त्रकर्माच्या परंपरेतल्या ग्रंथकाराला सुचली, हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण पुढे शतकानुशतके सुइणीच्या अस्वच्छतेवर जी टीका झाली तिचे उत्तर निदान एका ओळीपुरते तरी शास्त्रात होते. ते सुइणीपर्यंत पोचवण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केली नाही. याच सुश्रुताने सूतिकागाराची लांबी आठ हात आणि रुंदी चार हात सांगितली आहे, म्हणजे साधारण बारा फूट बाय सहा फूट, आणि जुन्या वाड्यांतील बाळंतिणीची अरुंद खोली पाहिलेल्या कोणालाही हे माप ओळखीचे वाटेल.

उपचारांचा क्रम पाहिला तरी साम्य ठळक आहे. सुश्रुत बलातेलाने, म्हणजे चिकणा या वनस्पतीच्या मुळांनी सिद्ध केलेल्या तेलाने, सूतिकेला अभ्यंग करण्यास सांगतो, वात शमवणाऱ्या औषधांच्या काढ्यांचा वापर सांगतो आणि दूषित रक्त पडून जाईपर्यंत दोन-तीन दिवस पिंपळी, पिंपळमूळ, चित्रक आणि सुंठ यांचे चूर्ण ऊन गूळपाण्यातून देण्यास सांगतो. चरक भूक लागल्यावर पचेल इतकेच स्नेह, म्हणजे तूप किंवा तेल, पाजण्यास, पोटाला तेल-तूप चोळून ते मोठ्या वस्त्राने गुंडाळण्यास आणि मग तूप घातलेली पातळ पेज देण्यास सांगतो. पोट बांधण्यामागचे कारणही तो देतो : गर्भ बाहेर पडल्याने रिकाम्या झालेल्या जागेत वायूला विकार करण्यास वाव मिळू नये. नाशिकच्या घरांत आजी सुनेला जे कारण सांगत असे ते हेच, आणि ते तिने कोणत्याही संहितेत वाचलेले नव्हते. सूतिकाकाळ किती याविषयी मात्र शास्त्रात एकमत नाही. सुश्रुत आणि वाग्भट दीड महिना सांगतात, तर पुन्हा रजोदर्शन होईपर्यंत हा काळ चालतो असे दुसरे मत आहे. लोकाचाराने त्यातून सव्वा महिना उचलला आणि त्याला देवदर्शनाची, विहिरीच्या पूजनाची आणि स्वयंपाकघरातील पुनःप्रवेशाची जोड दिली.

सूतिकेविषयी सर्वांत सविस्तर लिहिणारा ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. बालक आणि माता यांच्या चिकित्सेला वाहिलेला हा ग्रंथ देश, ऋतू आणि कुळाचार पाहून उपचार बदलावेत असे बजावतो, धूपनाचे, म्हणजे औषधी धुराचे, अनेक प्रकार सांगतो आणि सूतिकेच्या रोगांची लांबलचक गणना करतो. परंतु त्याचे खंडित ताडपत्री हस्तलिखित नेपाळमध्ये राजगुरू हेमराज शर्मा यांना मिळाले आणि ते मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून प्रसिद्ध झाले ते १९३८ साली. याचा सरळ अर्थ असा की त्यापूर्वी पंचवटीत किंवा जुन्या नाशकात ज्या पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणींना धुरी दिली गेली, त्यांच्या मागे हा ग्रंथ नव्हता. ग्रंथ हाती आला तेव्हा त्यातील आचार घरांत आधीपासूनच चालू होता.

अन्नाच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. मराठी बाळंतिणीच्या ताटाची ओळख ज्या पदार्थांवरून पटते त्यांपैकी आळीव, ओवा आणि मेथी यांना सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात काळ्या जिऱ्यासह ‘चतुर्बीज’ म्हणून एकत्र स्थान मिळाले आहे. त्याहून कितीतरी प्राचीन असलेल्या चरक-सुश्रुतांच्या सूतिकावर्णनात मात्र आळिवाला हे महत्त्व नाही. घरातला अनुभव आधी आणि निघंटूतली, म्हणजे द्रव्यगुणांच्या कोशातली, नोंद नंतर, असा क्रम येथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. आळिवाची खीर किंवा नारळ-गुळातले आळिवाचे लाडू दूध वाढवण्यासाठी, डिंकाचे लाडू कंबर भरून येण्यासाठी, सुंठ-गूळ-तुपाची गोळी सकाळच्या प्रहरी वातासाठी, आणि जेवणानंतर ओवा, बाळंतशेपा, तीळ व खोबरे यांची भाजून केलेली सुपारी पोट फुगू नये म्हणून, अशी प्रत्येक पदार्थाची नेमणूक ठरलेली असे. या अन्नात प्रदेशही बोलतो. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागात, सिन्नर-येवल्याकडे, बाजरीची भाकरी आणि बाजरीची पेज हे बाळंतिणीचे मुख्य अन्न. पश्चिमेकडे पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या डोंगराळ पट्ट्यात, जेथे कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची वस्ती आहे, तेथे नागलीची पेज आणि नागलीची भाकरी. भाताची तुपाळ पेज सांगणाऱ्या संहितेपेक्षा हा आहार वेगळा आहे, पण देशसात्म्य, म्हणजे त्या त्या प्रदेशाच्या अंगवळणी पडलेले अन्न, पाहण्याचा संहितेचाच नियम तो पाळतो. धावड्याचा आणि बाभळीचा डिंक जंगलपट्ट्यातून गोळा होऊन बाजारात उतरत असे, म्हणजे शहरातल्या बाळंतिणीच्या लाडवात आदिवासी स्त्रीचे श्रम आधीच मिसळलेले असत, आणि तिला स्वतःला मात्र बाळंतपणानंतर लवकरच पुन्हा रानात जावे लागे.

जुन्या नाशकातील बाळंतिणीची खोली वाड्याच्या आतल्या भागात, माजघराच्या आडोशाला असे. खिडकी लहान किंवा नसलेली, दाराला जाड पडदा, बाज सुतळीने विणलेली आणि तिच्या खाली किंवा बाजूला शेगडी. न्हाणीत सकाळी पाणी तापवण्यासाठी तांब्याचा बंब आणि ते विसावण्यासाठी घंगाळ लागे, आणि ही भांडी गावातच घडत. नाशिकची तांबट आळी आणि तेथील तांब्यापितळेची भांडी यांची ख्याती दूरवर होती. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाची तयारी म्हणून जुन्या बंबाला कल्हई आणि डाग लावून घेणे हे माहेरचे काम असे, कारण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल सर्व थरांत होती. पाण्यात निर्गुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला उकळत, तिळाचे तेल कोमट करून लावत, आणि न्हाणे झाले की कानांत कापूस, डोक्याला घट्ट फडके आणि पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून बाळंतिणीला शेकायला निजवत. शेगडीत निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वेखंड, लसणीची साले आणि कडुनिंबाचा पाला टाकून धुरी देत.

या खोलीचे गोडवे गाताना तिच्यातले धोके झाकणे योग्य होणार नाही. कोंदट खोलीतला कोळशाचा धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक असे, निखाऱ्यांनी भाजण्याचे प्रसंग येत, नाळेला राख किंवा शेण लावण्याच्या चालीने धनुर्वाताला वाट मिळे, आणि बाळाला दूध येईपर्यंत मध चाटवण्याच्या व पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकण्याच्या रिवाजाने बाळाचे पहिले संरक्षणच हिरावले जाई. या शेवटच्या बाबतीत शास्त्रही दुभंगलेले आहे. दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते असे धरून सुश्रुत तोवर मध-तूप सांगतो, तर चरक मध-तुपाच्या संस्कारानंतर लगेच स्तनपान देण्यास सांगतो. लोकाचाराने दुर्दैवाने पहिला मार्ग धरला. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस डोके वर काढतो, आणि महाराष्ट्रात पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा करून रात्र जागवण्याची प्रथा आहे. ही दोन सत्ये शेजारी ठेवली की त्या रात्रीच्या भीतीला ठोस कारण होते असे म्हणावे लागते. वाग्भटानेही सहाव्या रात्री आप्तांनी विशेष जागरण करावे असे सांगितले आहे. पाचवीच्या पूजेत पाट्यावर वरवंटा, शेजारी विळा, आणि सटवाईने बाळाच्या कपाळी नशीब लिहावे म्हणून कोरा कागद व लेखणी मांडली जाते. या विधीत पुरुषाचे काम जवळपास नसते आणि सुईण मात्र मानाची असते.

वसाहतकाळात या चालीरीतींची नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरील सोळावा खंड १८८३ साली निघाला आणि त्यात जातवार चालीरीती मांडल्या गेल्या. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार असून त्यांनी लोकरूढींची माहिती शाळामास्तरांकडून प्रश्नावलीद्वारे गोळा करण्याचे काम आरंभले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांच्या गोळीने त्यांचा अंत झाला, आणि त्यांनी जमवलेली सामग्री पुढे आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली. या नोंदी मोलाच्या आहेत, तरीही त्यांची मर्यादा उघड आहे : प्रश्न विचारणारे पुरुष, उत्तरे देणारे पुरुष, आणि ज्या खोलीविषयी विचारायचे तिच्यात त्या दोघांनाही प्रवेश नाही. त्यामुळे पूजाविधी भरपूर नोंदले गेले, पण तेल कोणते, हात कसा फिरवायचा, पोट किती घट्ट बांधायचे, शेक कधी थांबवायचा, हे सारे कागदाबाहेर राहिले.

त्या खोलीत ज्यांना प्रवेश होता त्यांच्या जातीचा प्रश्न टाळून हा इतिहास लिहिता येत नाही. महाराष्ट्राच्या अनेक गावांत सुईणपण मांग आणि महार समाजांतील स्त्रियांकडे होते. नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताचे कपडे धुणे ही कामे अपवित्र मानली गेली होती आणि म्हणूनच ती त्यांच्यावर सोपवली गेली. सोयराच्या, म्हणजे जन्मामुळे पाळायच्या विटाळाच्या, दिवसांत बाळंतीण स्वतःच अस्पृश्य ठरत असल्याने तिला त्यांचा स्पर्श चालत असे, आणि दहा-बारा दिवसांनी शुद्धी झाली की तो स्पर्श पुन्हा निषिद्ध होई. मोबदला म्हणून साडीचोळी, नारळ, शिधा आणि धान्य मिळे. ज्या नाशकात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, त्या जिल्ह्यात आणि त्या समाजात माणसाला जन्मताच पहिला हात लावणाऱ्या स्त्रियांना देवळाच्या पायऱ्या चढता येत नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांचे काय होत असे, याचे सर्वांत धारदार उत्तर १८५५ सालीच दिले गेले होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला, आणि त्यात तिने आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते व थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे लिहिले. शेगडी, बाज, बंब आणि सव्वा महिन्याची विश्रांती हे सारे ज्या परंपरेचे वैभव म्हणून सांगितले जाते, तिची दुसरी बाजू या एका निबंधात उभी आहे.

विश्रांती ही जातीइतकीच पैशाची आणि वैवाहिक स्थितीचीही बाब होती. विधवेच्या बाळंतपणाला माहेरही उघडे नसे, आणि तिच्यासाठी फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सिन्नर परिसरात विसाव्या शतकात विड्या वळण्याचा धंदा वाढला, तेव्हा घरी बसून विड्या वळणारी स्त्री बाळंतपणानंतर बाजेवरच सूप घेऊन बसू लागली, कारण मजुरी हजारी मोजली जाई आणि न वळलेल्या विडीला पैसा नसे. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि त्याच्या बाजूने डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात भाषण केले. घरी काम करणाऱ्या विडी कामगार स्त्रियांपर्यंत हे तत्त्व पोचायला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला.

पाश्चात्त्य वैद्यक या क्षेत्रात शिरले ते सुइणीला बाजूला सारण्याच्या किंवा शिकवण्याच्या भूमिकेतून. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळवून देण्यासाठी निधी उभा राहिला, आणि १९०३ साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी निघाला. याच काळात एका मराठी स्त्रीने या विषयाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले होते. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या आणि १८८६ साली पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या परंपरेतील प्रसूतीविषयक ज्ञान परक्या विद्यापीठात मांडणारी ती पहिली मराठी स्त्री-डॉक्टर वयाच्या एकविसाव्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात मरण पावली, आणि त्या दोन ज्ञानांना जोडू शकणारा एक दुवा फार लवकर निखळला.

वैद्यांची चळवळ मात्र याच सुमारास संघटित झाली आणि तिचा आरंभ नाशिकला झाला, ही या शहराच्या इतिहासातील पुरेशी न सांगितली गेलेली गोष्ट आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलनाची स्थापना केली आणि देशभरातील वैद्यांना एका व्यासपीठावर आणले. पदेशास्त्र्यांचे दुसरे मोठे काम म्हणजे त्यांची मराठी ग्रंथरचना. ‘आर्यभिषक्’ या त्यांच्या ग्रंथाने घरगुती औषधांचे ज्ञान मराठी वाचणाऱ्या घरांत नेले, आणि जी माहिती पूर्वी आजीच्या बटव्यात होती ती कपाटातल्या पुस्तकात आली. त्यातून झालेला बदल दुहेरी होता. वाचू शकणाऱ्या घरांना आधार मिळाला, पण त्याचबरोबर औषधाचा अधिकार छापील शब्दाकडे, आणि छापील शब्दामागच्या पुरुष वैद्याकडे, सरकू लागला. याच्या आगेमागे काढ्यांचे कारखाने उभे राहिले. पनवेलचे श्री धूतपापेश्वर १८७२ सालचे, मुंबईचे सांडू १८९९ सालचे आणि पुण्याची आयुर्वेद रसशाळा १९३५ सालची. ‘बाळंतकाढा’ क्रमांक १, २ आणि ३ अशा बाटल्यांत मिळू लागला, जो दिवसांच्या टप्प्यांप्रमाणे द्यायचा असे, आणि त्याच्या जोडीला दशमूलारिष्ट आले. दशमुळे म्हणजे बेल, ऐरण, टेंटू, शिवण, पाडळ, सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली आणि गोखरू या दहा वनस्पतींची मुळे. ती भरडून, उकळून, आटवून काढा करण्याचे सकाळचे काम बाटलीने वाचवले आणि काष्ठौषधींच्या दुकानातून पुड्या बांधून आणणारी पिढी हळूहळू संपली.

१९३८ साली, म्हणजे काश्यपसंहिता छापली गेली त्याच वर्षी, मुंबई प्रांतात वैद्यकीय व्यवसायींचा कायदा होऊन वैद्य आणि हकीम यांच्या नोंदणीला सुरुवात झाली. त्या नोंदवहीत सुइणीला जागा नव्हती. नाशिकमध्ये पुढे आयुर्वेद सेवा संघाचे महाविद्यालय आणि आरोग्यशाळा रुग्णालय यांनी पंचवटीच्या गणेशवाडीत आयुर्वेदाच्या शिक्षणाचे केंद्र उभे केले, प्रसूतितंत्र व स्त्रीरोग हा अभ्यासक्रमातील स्वतंत्र विषय झाला आणि १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला स्थापन झाल्यावर राज्यभरातील आयुर्वेद महाविद्यालयांच्या परीक्षा याच शहरातून होऊ लागल्या. या संस्थांचे ऋण मोठे आहे, कारण त्यांच्यामुळे सूतिकापरिचर्या हा अंधश्रद्धेचा नव्हे तर अभ्यासाचा विषय ठरला आणि आयुर्वेद शिकलेल्या मुली मोठ्या संख्येने या क्षेत्रात आल्या. तरीही अभ्यंगाचे मंत्रवत पाठ केलेले श्लोक आणि हाताच्या पंजाने कंबरेच्या शिरा मोकळ्या करण्याचे कसब या दोन वेगळ्या विद्या आहेत, आणि दुसरी विद्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरच शिकली व शिकवली गेली.

स्वातंत्र्यानंतर प्रसूती घरातून रुग्णालयात गेली. हा बदल जीव वाचवणारा होता यात शंका नाही. जननी सुरक्षा योजना २००५ साली आली, आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत असल्याचे दिसले. त्याआधी २०१५ साली भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले होते. पण रुग्णालय बाळंतिणीला दोन-तीन दिवसांत, शस्त्रक्रिया झाली तर आठवडाभरात, घरी पाठवते, आणि उरलेला सव्वा महिना जिथे होता तिथेच राहतो. पूर्वी जी सुईण बाळ हातात घेई तीच पुढचे दहा-बारा दिवस तेल लावायला आणि न्हाऊ घालायला येत असे. रुग्णालयाने तिच्या कामाचे दोन तुकडे केले, त्यांतला पहिला काढून घेतला, आणि उरलेल्या तुकड्यावर जगणारी ती ‘मालिशवाली बाई’ झाली.

नाशिकमध्ये या बाईची गरज वाढली ती शहराच्या औद्योगिक वाढीबरोबर. नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातले, ओझरचा विमान कारखाना १९६४ चा, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती त्याच सुमाराच्या व त्यानंतरच्या. खानदेश, विदर्भ, मराठवाडा आणि परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांच्या घरांत सासू गावी आणि माहेर त्याहून दूर, अशी स्थिती आली. जे काम नात्याने होत असे ते मजुरीने होऊ लागले. सव्वा महिन्याचा किंवा चाळीस दिवसांचा ठराव, सकाळी घरी येऊन आधी बाळाचे आणि मग बाळंतिणीचे तेल-न्हाणे, जमल्यास शेक आणि धुरी, अखेरच्या दिवशी साडी किंवा खणनारळ, असा या व्यवसायाचा साचा ठरला. अलीकडे आयुर्वेद चिकित्सालये अशा स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरी पाठवतात, चंदनबलालाक्षादी तेल बाळासाठी आणि बलातेल आईसाठी अशी निवड वैद्य करून देतात, शस्त्रक्रियेनंतर पोटाला कधी हात लावायचा याचे नियम सांगतात आणि कोंदट खोलीतल्या शेगडीऐवजी उबदार पण हवेशीर खोलीचा आग्रह धरतात. हा बदल स्वागतार्ह आहे. सुश्रुताने कापलेली नखे मागितली होती, त्याच मागणीचे हे आजचे रूप आहे.

शासनानेही घरातल्या या काळाचे महत्त्व ओळखले, पण दुसऱ्या वाटेने. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि नवजात बालकांचे मृत्यू त्या गावांत ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, आणि घरीच प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवशीही. ही शेवटची भेट सुश्रुताच्या दीड महिन्यापासून अवघी तीन दिवस अलीकडे येते. आशा तेल लावत नाही. ती वजन घेते, ताप पाहते, स्तनपानाची चौकशी करते. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तिची आणि जुन्या सुइणीची गाठ एकाच झोपडीत पडू शकते, आणि जेथे आशेने सुइणीला विश्वासात घेतले तेथे दोघींचे ज्ञान एकमेकींच्या उपयोगी पडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

अंग रगडणाऱ्या बाईचे नाव आजही कोणत्याही वैद्यकीय नोंदवहीत नाही. तिची मजुरी घर आणि ती यांच्यात तोंडी ठरते, आजारी पडली तर दिवस बुडतो, आणि दुसऱ्यांच्या मुलींना ऊन पाण्याने न्हाऊ घालणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या बाळंतपणात कामावर परत जाण्याची घाई असते. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घरी काम करणाऱ्यांची नोंदणी त्यात सांगितली आहे, आणि नोंदीत कामगाराला द्यावयाच्या लाभांमध्ये तिच्या स्वतःच्या दोन अपत्यांपर्यंतच्या प्रसूतीसाठी अर्थसाहाय्याचा समावेश आहे. बाळंतिणीची सेवा करणाऱ्या नाशिकच्या स्त्रियांना या नोंदणीत आणणे हे काम वैद्यांच्या संघटना, रुग्णालये आणि ज्या घरांत त्या रोज सकाळी जातात ती घरे सहज करू शकतात.